पंखा थांबला की बोला

ऑपरेशननंतर आमचे हे बोलू शकणार नव्हते. घशातली गाठ काढताना आवाजाची पेटीही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बस चुकलेल्या माणसांसारखे बसून राहिलो. तेवढ्यात एक मुलगी जवळ आली. आवाज गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं काम. तिनं नाव सांगितलं होतं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं; आमच्या घरात ती कायमची 'आवाजवाली' झाली.

"काका, आवाज जायच्या आधी आपण तो भरून ठेवू," ती म्हणाली. "मी वाक्यं देईन, ती तुम्ही लॅपटॉपसमोर बसून वाचायची. पुरेशी वाक्यं झाली की त्यातून तुमचा आवाज तयार होतो. पुढे तुम्ही टाइप करायचं, आणि यंत्र ते तुमच्या आवाजात बोलणार."

"म्हणजे हंगामात माल कोल्ड स्टोरेजला टाकायचा आणि पुढे लागेल तसा काढायचा," हे म्हणाले.

"अगदी तसंच," ती म्हणाली. तिला वाटलं, काका विनोद करताहेत. हे विनोद करत नव्हते. हे कोल्ड स्टोरेजचे फोरमन होते. सफरचंद, बटाटे, फुलं, जे येईल ते गार ठेवायचं, हेच ह्यांचं आयुष्य. आणि मी रजया शिवते. "एक गारठवतो, दुसरी पांघरूण घालते, बरं जमलंय तुमचं," असं लोक म्हणायचे, आणि खरंच बरं जमलं होतं. माझा आवाज चढा, ह्यांचा खालचा, जाड, जरा ओलसर. मी भांडायला लागले की हे इतक्या सावकाश उत्तर द्यायचे की मधल्या वेळात माझा राग निवून जायचा. तो आवाज घरातून जाणार म्हणजे नक्की काय होणार, ते मला कळेना. मला भीती वाटली की मी कामाला लागते. तशीच तेव्हाही लागले.

घरात मुलाचा जुना लॅपटॉप होता. तो दूरदेशी नोकरीला गेला तेव्हा मागे ठेवून गेलेला. शिकताना अभ्यास कमी आणि कॉम्प्युटरवरचे खेळ जास्त, म्हणून घेतलेला जाडजूड, दणकट. आवाजवालीनं त्याच्यावर सगळं जुळवून दिलं, सोबत एक छोटा माइक दिला आणि बजावलं, "सगळी वाक्यं ह्याच यंत्रावर, ह्याच माइकवर. मध्येच बदललंत तर आवाजाचा पोत बदलेल. आणि मागे दुसरा कसलाही आवाज नको, नाहीतर वाक्य नापास होईल."

खोली शांत करणं माझ्या हातचा मळ. शिवणखोलीच्या चारही भिंतींवर मी रजया टांगल्या, खिडकीला गादी लावली, छताचा पंखा बंद केला. त्या खोलीत टाळी वाजवली तरी उशीत वाजवल्यासारखी ऐकू यायची. हे दारात उभे राहून बघत होते.

"मलाही आतच शिवून टाकणार आहेस का?"

"बोलू नका. आवाज वाया जातो."

तेव्हापासून मी तोच धाक घातला. ह्यांचा घसा लवकर थकायचा. थोडं बोलेपर्यंत चांगला असायचा, मग चिरकायचा, आणि चिरकलेलं वाक्य यंत्र घ्यायचं नाही. म्हणून मी ठरवून टाकलं: वाक्यं वाचायची, बाकी वेळ मौन. चहा हवा तर बोट दाखवायचं. नको असेल तर हात हलवायचा. हे निमूटपणे ऐकायचे. घरात माझाच शब्द चालतो, हा ह्यांचा आवडता टोमणा होता, पण तोही आता हे मनातल्या मनातच मारत असणार.

पहिलं वाक्य पडद्यावर आलं: 'निळ्या घोड्याला उद्या सकाळी पाणी पाजू.'

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बोट दाखवलं. ह्यांनी वाचलं, गंभीरपणे, जणू खरंच कुणाला तरी सांगून ठेवताहेत. हिरवी खूण उमटली. पुढचं आलं: 'आजोबांच्या छत्रीत एक ढग झोपला होता.' मग, 'ढगांच्या ढिगावर ढोल ठेवू नका.' मग, 'डोंगराच्या पोटात कुणाचं तरी घड्याळ चालू आहे.' आपल्या बोलण्यातले सगळे आवाज यावेत म्हणून ती वाक्यं अशी रचलेली असतात, अर्थाकडे लक्ष देऊ नका, असं आवाजवालीनं सांगितलं होतं. पण अर्थाकडे लक्ष न देणं सोपं नसतं. त्या मऊ, उबदार, अंधाऱ्या खोलीत हे ढगांविषयी आणि घोड्यांविषयी बोलत होते आणि मी शेजारी बसून ऐकत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याशी ढगांविषयी एक अक्षर काढलेलं नव्हतं. डबा, विजेचं बिल, मुलाची फी, झालं. आता घोडा माझ्या शिवणयंत्रामागे उभा आहे, त्याची निळी मान अंधारात हलते आहे, असं मला खरंच दिसायला लागलं. मला ते आवडलंही.

आणि मग लॅपटॉपचा पंखा सुरू झाला.

आधी बारीक कुजबुज, मग सुस्कारा, मग गिरणी सुरू झाल्यासारखी घरघर. पडद्यावर लाल फुली आली: 'मागे आवाज येत आहे. पुन्हा वाचा.' पुन्हा वाचलं. फुली. पुन्हा. फुली. इथेच घोडं पेंड खात होतं. यंत्र प्रत्येक वाक्य तपासायचं, तपासताना तापायचं, तापलं की पंखा फिरायचा, आणि पंखा फिरला की त्याच आवाजासाठी तेच यंत्र ह्यांना नापास करायचं.

मी मुलाला फोन लावला.

"आई, पहिलं म्हणजे तो उघडून साफ करून घे. वर्षानुवर्षांची धूळ असेल आत. आणि खालून हवा जायला जागा ठेव. गादीवर नाही ना ठेवलास?"

मी रजईवरच ठेवला होता. "नाही," मी म्हणाले.

"आणि पंख्याचा वेग आपल्याला ठरवता येतो. मी इथून एक प्रोग्राम टाकून देतो. किती गरम झाल्यावर पंखा किती जोरात फिरवायचा, त्याचा आलेख असतो."

उंटावरचा शहाणा असला तरी मुलगा माझाच, म्हणून मी ऐकलं. दुरुस्तीवाल्यानं पाठ उघडली तर पंख्याच्या पात्यांमागे धुळीचा असा थर निघाला की त्याची बाहुलीच्या मापाची रजई झाली असती. त्यानं जाळी झटकली, चिपवरची सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. घरी येऊन मी लॅपटॉप दोन पालथ्या वाट्यांवर ठेवला, पडद्याचा उजेड कमी केला, चार्जर काढून ठेवला. मुलानं तिकडून तो आलेख उघडून दिला: आडवी गरमी, उभा वेग, मध्ये ठिपके जोडून काढलेली चढती रेघ. ठिपका बोटानं धरून खाली ओढला की पंखा हळू.

मी सगळे ठिपके खाली ओढले. काय शांतता झाली! पण चारदोन वाक्यांत यंत्र इतकं तापलं की वाट्यांनाही चटका बसायला लागला, आणि मग पंखा एकदम सुटला.

हे इतका वेळ गप्प बसून बघत होते. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः ठिपके धरले. हा ह्यांचा प्रांत होता. कागदावर लिहून मला समजावलं: गारवा करणारा कंप्रेसर पाऱ्याच्या ज्या आकड्याला चालू होतो, त्याच आकड्याला बंद होऊ द्यायचा नसतो. पारा खूप खाली गेल्यावर बंद करायचा, नाहीतर तो सारखा चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. ह्यांनी तसंच जुळवलं. पंखा उशिरा सुरू व्हायचा, पण सुरू झाला की पूर्ण जोरात फिरून यंत्र पार निववायचा आणि मगच थांबायचा. मग चांगला मोठा निवांत वेळ मिळायचा. तेवढ्यात वाक्यं उरकायची. पंखा थांबला की मी म्हणायचे, "बोला," आणि हे बोलायचे. पंखा लागला की आम्ही दोघं हाताची घडी घालून बसायचो.

त्या दुपारी मला अजून अर्धवट झोपेत पडल्यासारख्या आठवतात. बाहेर ऊन, आत रजयांचा अंधार, मध्ये पडद्याचा चौकोनी उजेड आणि त्यात ह्यांचं कपाळ. पंख्याची घरघर असताना मला डुलकी लागायची. डोळे उघडायचे ते ह्यांच्या आवाजानं, आणि तो आवाज म्हणत असायचा, 'जिन्याखाली समुद्र आला आहे, चपला वर घ्या.' एकदा तर मी खरंच पाय वर घेतले. हे इतके हसले की पुढची बरीच वाक्यं वाया गेली. मी रागावले. खरं म्हणजे मलाही हसू येत होतं, पण वाया जाणारा आवाज मला बघवत नव्हता.

ऊन चढत गेलं तसं ते गणितही कोलमडलं. बंद खोलीत दोन माणसं आणि एक तापलेलं यंत्र. हवाच इतकी गरम की पंखा फिरून फिरून तीच गरम हवा आत घ्यायचा. निवांत वेळ आखडत गेला. एका दुपारी तर दोन वाक्यं झाली आणि पंखा लागला तो थांबेचना. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, आणि वाक्यांचा ढीग अजून बाकी. माझ्या नाकी नऊ आले. मी लॅपटॉप उचलला आणि फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला.

ह्यांनी तो ताबडतोब बाहेर काढला. मौन मोडून म्हणाले, "अगं बाई, अशी काढघाल केलीस तर आत पाणी धरेल. गार वस्तू गरम हवेत आली की तिला घाम फुटतो."

"मग काय करू? तुम्हीच सांगा, तुम्ही थंडीचे राजे."

ह्यांनी थोडा विचार केला. मग खुंटीवरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी एका शब्दावर परवानगी दिली. संध्याकाळी हमाल गेले की आवार रिकामं. आम्ही बाजूच्या दारानं आत शिरलो. एका खोलीत सफरचंदांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या, आणि पांढरी वाफ जमिनीलगत रांगत होती. बाहेर लोक घामाघूम झालेले आणि इथे माझ्या तोंडातून धूर निघत होता. ह्यांनी मला आपला जाड कोट घातला. तो माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. मला वाटलं, आपण मेलो आहोत की काय, आणि हा स्वर्ग असेल तर त्याला सफरचंदांचा वास येतो.

ह्यांनी त्या खोलीत गार हवा फेकणारे ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवले. लॅपटॉप पेटीवर ठेवला. त्याचा पंखा हललासुद्धा नाही. वाक्यामागून वाक्य, हिरव्या खुणांची रांग लागली. मी आनंदानं नाचायचंच बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी आवाजवालीनं ते ऐकलं आणि फोन केला. "काकू, हा आवाज कुठल्या विहिरीतून काढलात? थंडीनं घसा आवळलाय त्यांचा. सगळं घोगरं आहे. काकांना पुढे जन्मभर ह्याच आवाजात बोलायचंय ना?"

घ्या! यंत्राला गारवा हवा आणि नवऱ्याला ऊब. माझ्या एका हाताला एक, दुसऱ्या हाताला दुसरा. शेवटी तोडगा ह्यांनीच काढला. लॅपटॉप आत, गार खोलीत. हे बाहेर, माल निवडायच्या खोलीत, खुर्चीवर, गळ्याला मफलर गुंडाळून. माइकला लांब वायर जोडली आणि दाराच्या रबरी पट्टीखालून बाहेर काढली. दार वीतभर जाड, दोन्ही बाजूंना पत्रा, मध्ये थंडी अडवणारा फोम. त्यातून आतल्या ब्लोअरचा आवाज बाहेर येत नाही की बाहेरचा आत जात नाही. दाराला तोंडाएवढी एक काच होती. मी आत, कोटात, लॅपटॉप काचेशी तिरपा धरायचा, पडदा दोघांनाही दिसेल असा. हे बाहेरून वाक्य वाचणार. मी कळ दाबणार. बिनवायरचा माऊस बाहेरून चालवून बघितला, पण त्या पत्र्यातून तो चालेना. आणि खरं सांगायचं तर कळ दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची माझी तयारीही नव्हती.

काय झकास चाललं म्हणून सांगू! यंत्र गार, घसा गरम, मागे आवाज शून्य. काचेवर बाष्प धरलं की हे बाहेरून बाहीनं पुसायचे, मी आतून. पडद्यावर ह्यांच्या आवाजाची रेघ उठायची, डोंगर व्हायचे, दऱ्या व्हायच्या, मग हिरवी खूण. मी मान हलवायची, पुढचं वाक्य. पलीकडे दिव्याच्या पिवळ्या उजेडात ह्यांचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसायचा. ओठ हलायचे. ह्यांना भुवया उडवायची सवय आहे हे मला तिथे कळलं; समोरासमोर असताना आपण माणसाकडे इतकं बघतो कुठे? काम झालं की हे लॅपटॉप आतल्या आतच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायला लावायचे आणि बाहेर आणल्यावर बराच वेळ उघडू द्यायचे नाहीत, घाम पिशवीला फुटू दे, यंत्राला नको. तोवर मी हात चोळत बसायचे आणि हे मला गरम पाण्याचा पेला द्यायचे. मौन पाळूनच. माझंच फर्मान होतं ना.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा गठ्ठा उरला. आवाजवालीनं तो मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यात सगळे प्रश्न, हाका, रागावणं, चकित होणं. "हा नाही झाला तरी आवाज तयार होईल," ती म्हणाली होती, "पण सपाट होईल. विचारताना वर चढणार नाही, रागावताना भडकणार नाही. म्हणून जमवाच." ऑपरेशनआधी गठ्ठा पुरा करायचाच, असा चंग बांधून मी आत गेले आणि दार ओढून घेतलं.

पहिली वाक्यं नीट झाली. 'छत्रीतला ढग कुठे गेला?' हिरवी खूण. 'समुद्राला जिना कुणी दाखवला?' हिरवी खूण. पुढचं वाक्य छोटंसं होतं: 'कोण आहे तिकडे?' ह्यांनी काचेतून वाक्याकडे बघितलं, मग वाक्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. लाल फुली. 'वाक्य जुळत नाही. पुन्हा वाचा.'

मी बोटानं पडद्यावर टकटक केलं. नीट वाचा. ह्यांनी पुन्हा ओठ हलवले. तेच काहीतरी, आणि दिलेल्या वाक्यापेक्षा लांब. फुली. मी डोळे वटारले. पुन्हा तेच. फुली. मला वाटलं, ह्यांना आता थट्टा सुचते आहे, ऑपरेशन उद्यावर आलं, आणि माझी बोटं बधिर झाली आहेत. मी कळ दाबत राहिले आणि हे बोलत राहिले, आणि यंत्र प्रत्येक वेळी ते पुसून टाकत राहिलं.

मग ह्यांच्या भुवया खाली आल्या. चेहरा एकदम साधा झाला, दमलेला. आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस मघापासून मलाच काहीतरी सांगतो आहे, आणि मला त्यातलं अक्षरही ऐकू आलेलं नाही. आजच काय, किती संध्याकाळी मी ह्या काचेमागे उभी होते. ह्यांच्या आवाजाची रेघ बघत होते, खुणा बघत होते, आवाज मात्र एकदाही ऐकला नव्हता. घरी ऐकला नाही, कारण घरी मीच ह्यांचं तोंड बंद करून ठेवलेलं. ह्यांच्या गळ्यात आवाज उरला होता तो अगदी थोडा, आणि तो सगळा मी यंत्राला पाजला होता.

आतून दार उघडायला एक दांडा ढकलावा लागतो. माझ्या हाताला तो सापडेना. सापडला तेव्हा मी इतक्या जोरात ढकलला की दार भिंतीवर आपटलं.

"काय म्हणत होता?"

"काही नाही," हे म्हणाले. आवाज बसला होता, पण इतक्या दिवसांनी तो थेट माझ्या कानात शिरला. "म्हटलं, बाहेर ये. किती गारठशील?"

"इतक्या वेळा तेच म्हणालात?"

"प्रत्येक वेळी तेच. तू काही ऐकेनास."

मी रडले. अगदी लहान पोरीसारखी, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून. हे म्हणाले, "अगं, गठ्ठा राहिलाय."

"मरू दे तो गठ्ठा."

मी आत जाऊन लॅपटॉप मिटला, पिशवीत गुंडाळला आणि बाजूला ठेवला. मग एक रिकामी पेटी ओढून ह्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"बोला," मी म्हणाले. "काहीही बोला."

आणि हे बोलले. आधी चाचरत, कारण सवयच गेली होती. मग सुटले. गळ्याला त्रास होत होता, मधेच थांबून पाणी प्यायचे, पण सुटले. बहुतेक सगळे प्रश्नच होते. "मी मुका झाल्यावर तू भांडणार कुणाशी?" "माझ्या जाड आवाजाला तू खरंच पहिल्या दिवशी घाबरली होतीस का, की उगाच सांगतेस?" "त्या निळ्या घोड्याचं पुढे काय झालं असेल गं?" मी म्हणाले, माझ्या शिवणयंत्रामागे उभा आहे, पाणी प्यायलाय. हे हसले. मग गळ्याचा मफलर सारखा करत विचारलं, "तुला भीती वाटते?"

"हो," मी म्हणाले. "खूप."

"मलाही," हे म्हणाले. आणि इतक्या दिवसांत आम्ही दोघांनी ते पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं.

बाहेर उजेड कमी होत गेला. सफरचंदांचा वास दाराच्या फटीतून येत होता. मी ह्यांच्या मांडीवर डोकं टेकलं होतं आणि वरून ह्यांचा आवाज येत होता, पोटातून, हाडांतून, कपड्यांतून. कशाविषयी बोलत होते ते सगळं आठवत नाही. गठ्ठ्याची आठवण मात्र मला त्या संध्याकाळी पुन्हा आली नाही.

ऑपरेशन नीट झालं. गाठ गेली, आवाज गेला. काही आठवड्यांनी आवाजवालीनं तयार झालेला आवाज लॅपटॉपमध्ये घालून दिला. आवाज हुबेहूब ह्यांचा आहे. जाड, खालचा, जरा ओलसर. फक्त तिनं सांगितलं होतं तसंच झालं: सगळं एका पट्टीत येतं. विचारलं तरी सांगितल्यासारखं वाटतं. मुलगा फोनवर हळहळला, "आई, तेवढा एक गठ्ठा का सोडलास गं? थोडक्यात राहिलं."

"गारठले होते रे," मी म्हणाले.

काल मी शिवायला बसले होते. एका मोठ्या रजईची कड संपता संपत नव्हती, दुपार कलली होती. पलीकडच्या खोलीतून कळा दाबल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ शांत, आणि मग ह्यांचा आवाज सपाट, सावकाश म्हणाला, "जेवलीस."

कुणी परकं असतं तर त्याला वाटलं असतं, हे मलाच माझी बातमी सांगताहेत.

"नाही अजून," मी आतून ओरडले. "तुमच्यासाठी थांबलेय."